दर महिन्याचं पोटॅशियम

रुग्ण २६ वर्षांची तरुणी. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने येणारी, दुखरी, पाळीच्या आधी उसळणारी मुरुमं. मलमं लावून झाली, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. मग त्वचारोगतज्ज्ञांनी स्पायरोनोलॅक्टोन हे मूळचं हृदय आणि रक्तदाबाचं औषध सुरू केलं, आधी ५० मिलिग्रॅम आणि सहा आठवड्यांनी १००. रक्तदाब, मूत्रपिंड, हृदय सगळं ठणठणीत, दुसरं कुठलंही औषध चालू नाही. चौथ्या महिन्यापर्यंत चेहरा बराच निवळला. गोळी चालू राहिली आणि गोळीसोबत पोटॅशियम वाढत नाही ना हे पाहायला दर महिन्याची रक्ततपासणीही.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. एकाच वळणाने जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी जोडून ते अभ्यासासाठी रचलं आहे. त्यातलं औषधशास्त्र आणि पुढे येणाऱ्या प्रकाशित अभ्यासांचे आकडे मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

चौदाव्या महिन्यात, नेहमीसारखं सकाळी रक्त देऊन ती कामाला गेली. रात्री साडेनऊला लॅबमधून फोन आला: पोटॅशियम ६.१ मिलिमोल, ताबडतोब इमर्जन्सीला जा. नेहमीची वरची मर्यादा ५ च्या आसपास. ६ च्या वर गेलं की हृदयाची लय बिघडण्याची भीती असते, त्यामुळे फोन करणाऱ्याचं काही चुकलं नाही. इमर्जन्सीत ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला. पुन्हा रक्त घेतलं. पण त्याचा रिपोर्ट यायच्या आत ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन टाकलं होतं. ६.१ ही जोखीम अंगावर घेऊन थांबायचं कसं, हा त्यांचा विचार. तासाभराने रिपोर्ट आला. उपचाराच्या आधी घेतलेल्या त्या रक्तात पोटॅशियम ४.३ होतं. पहाटे तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, साखर ५४ वर आलेली. ग्लुकोज दिलं, सावरली.

डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिलं गेलं: ‘स्पायरोनोलॅक्टोनमुळे पोटॅशियमवाढ. औषध कायमचं बंद.’ तीन महिन्यांत मुरुमं परत आली आणि अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स सुरू झाला.

रिपोर्टातला दुसरा आकडा

त्या सकाळच्या रिपोर्टात तीसहून जास्त आकडे होते. पोटॅशियमखाली रेघ मारलेली, शेजारी उद्गारचिन्ह. चार ओळी खाली कॅल्शियम ६.४ मिलिग्रॅम होतं. आदल्या महिन्यात ते ९.४ होतं. पुढच्या पानावर अल्कलाइन फॉस्फटेज १९, जे एरवी सत्तरच्या घरात असायचं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र जिथल्या तिथे.

हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की लॅबमध्ये मुरलेला माणूस लगेच ओळखतो: ईडीटीए मिसळलंय. सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत (बल्बमध्ये) घेतात. त्यात रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, आणि ते असतं पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. त्या बल्बातलं थोडं रक्त ईडीटीए नसलेल्या प्लेन बल्बमध्ये गेलं की तिथे पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम उतरतं. अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं. ईडीटीए तेही ओढून घेतं, म्हणून तोही आकडा तळाला जातो. शिरेतून रक्त संथ येतं, प्लेन बल्ब अर्धाच भरतो, आणि दुसऱ्यांदा टोचायला नको म्हणून जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं जातं. एवढी मोठी उडी बहुधा अशा ओतण्यातूनच येते. खरोखर ६.४ कॅल्शियम असलेल्या माणसाच्या ओठांना, बोटांना मुंग्या येतात, स्नायूंत पेटके येतात. ही मुलगी दिवसभर काम करून घरी आली होती.

आता प्रश्न असा की जांभळा बल्ब तिथे होताच कशाला? सीबीसीसाठी. आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या निरोगी मुलीच्या सीबीसीतून कोणाला काय कळून घ्यायचं होतं? चौदा महिन्यांच्या नोंदींत याचं उत्तर कुठेही नाही. म्हणजे गरज नसलेल्या एका तपासणीच्या बल्बाने गरज नसलेल्या दुसऱ्या तपासणीचा आकडा बिघडवला, आणि त्या बिघडलेल्या आकड्यावर इन्सुलिन दिलं गेलं.

(खोट्या पोटॅशियमचे मार्ग आणखीही आहेत. पट्टा आवळून मूठ उघडझाप करायला लावली तरी पोटॅशियम १ मिलिमोलपर्यंत, कधी त्याहून जास्त चढतं. शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. काढताना पेशी फुटल्या, नमुना फार वेळ पडून राहिला किंवा थंडीत ठेवला गेला की ते बाहेर झिरपतं. रक्तातल्या सगळ्या घटकांत इतकं चटकन फसवणारं दुसरं क्वचितच असेल.)

भीती आली कुठून

स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढतं ही भीती पोकळ नाही. हे औषध अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवतं. अल्डोस्टेरॉनचं एक काम मूत्रपिंडातून पोटॅशियम बाहेर टाकणं. १९९९ मध्ये ‘रेल्स’ ही चाचणी प्रसिद्ध झाली. गंभीर हृदयदौर्बल्य असलेल्या १,६६३ रुग्णांत नेहमीच्या उपचारांसोबत रोज साधारण २५ मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन दिल्यावर मृत्यूंचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी झालं. जगभर डॉक्टरांनी ते धडाक्यात लिहायला सुरुवात केली. चाचणीत रुग्ण निवडून घेतलेले होते, त्यांची तपासणी काटेकोर होती. बाहेरच्या जगात ८० वर्षांचे, मूत्रपिंड थकलेले, सोबत एसीई इनहिबिटर (रक्तदाब आणि हृदयासाठीची, पोटॅशियम वाढवू शकणारी औषधं) घेणारे रुग्णही आले. २००४ मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातला अभ्यास आला. हृदयदौर्बल्यासाठी नुकतेच रुग्णालयात राहून आलेल्या आणि एसीई इनहिबिटर घेणाऱ्या वृद्धांत पोटॅशियमवाढीमुळे भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये दर हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ झालं. त्याच्याशी जोडलेले मृत्यू दर हजारी ०.३ वरून २ वर गेले.

हा हादरा खरा होता आणि त्यातून घेतलेला धडाही बरोबर होता: अशा रुग्णांचं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन औषध सुरू केल्यावर काही दिवसांत आणि पुढेही तपासत राहा. अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकातही सुरुवातीपासून किंवा डोस वाढवल्यापासून आठवड्याच्या आत आणि नंतर नियमित पोटॅशियम पाहा असं म्हटलं आहे. पण ते माहितीपत्रक हृदय, रक्तदाब, सूज यांच्या रुग्णांसाठी आहे. मुरुमांचा त्यात उल्लेखच नाही, कारण मुरुमांसाठी हे औषध मंजूर उपयोगांच्या बाहेर वापरलं जातं. नियम एका वॉर्डात जन्मला आणि औषधाचं नाव तेच म्हणून दुसऱ्या ओपीडीत जाऊन बसला. वाटेत रुग्ण बदलला, हे कोणी पाहिलं नाही.

२०१५ मध्ये नेमक्या याच दुसऱ्या ओपीडीतल्या रुग्णांचा अभ्यास झाला. मुरुमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या ९७४ निरोगी तरुण स्त्रिया, पोटॅशियमच्या १,८०२ मोजण्या. वरची मर्यादा ओलांडणारे आकडे १३, म्हणजे शंभरात एकही नाही. हे औषध न घेणाऱ्या तशाच स्त्रियांतही जवळपास तेवढेच आकडे बाहेर होते. १३ पैकी ६ जणींची तपासणी पुन्हा केली तर सहाही नॉर्मल निघाल्या. त्यानंतर अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ च्या मुरुमविषयक मार्गदर्शक सूचनांत आणि पुन्हा २०२४ मध्ये सांगितलं की जोखीम नसलेल्या निरोगी रुग्णांत पोटॅशियमवर लक्ष ठेवण्याची गरज नाही. वय जास्त असेल, दुसरे आजार किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं असतील, तर तपासायचं.

आपल्या प्रकरणातली मुलगी अगदी या ९७४ जणींतली शोभावी अशी. वय २६, आजार काही नाही, दुसरं औषध नाही. तिचं पोटॅशियम ६.१ आलं तेव्हा ‘हे खरं असण्याची शक्यता किती’ हा प्रश्न विचारायला हवा होता, आणि उत्तर होतं: फारच थोडी.

मागवलं कोणी?

पुढे विभागात या प्रकरणाचा आढावा घेतला, तेव्हा या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ गेला. अज्ञान, आळस किंवा लॅबकडून मिळणारा वाटा, ही तीन उत्तरं बाहेरचा माणूस लगेच देतो. तिसरं उत्तर जगात कुठेच खरं नाही असं मी म्हणणार नाही, पण इथे ते लागू नव्हतं. पहिलंही नव्हतं, विभागातल्या निम्म्या डॉक्टरांना २०१५ चा अभ्यास माहीत होता. एकाने तर त्यावर जर्नल क्लबमध्ये भाषणही केलं होतं. त्याच्याही रुग्णांची तपासणी दर महिन्याला होत होती.

औषध सुरू करणाऱ्या तज्ज्ञांनी पहिल्या दिवशी पोटॅशियम-क्रिएटिनिन पाहिलं. आधी कधीच मूत्रपिंड तपासलेलं नव्हतं, त्यामुळे एकदा पाहून घेतलं यात मला वावगं वाटत नाही. पुढे ‘दर महिन्याला’ का? ‘आमच्या युनिटमध्ये तसंच असायचं.’ त्या युनिटमध्ये ते मेडिसिनच्या वॉर्डातून आलं होतं, पदव्युत्तर शिक्षण घेताना भिंतीवर चिकटवलेल्या एका तक्त्यातून. तक्ता हृदयदौर्बल्याच्या रुग्णांचा होता, पण त्याच्या मथळ्यात नुसतं औषधाचं नाव होतं.

दुसऱ्या भेटीपासून पुढे फॉलोअप रेसिडेंट (शिकाऊ डॉक्टर) बघायचे, दर काही महिन्यांनी बदलणारे. संगणकावर मागच्या भेटीच्या ऑर्डर तशाच पुढे ओढता येतात, एक क्लिक. तपासणी काढायची तर सिनियरला विचारायला हवं, कारण सांगायला हवं, आणि उद्या काही झालं तर ‘बंद कोणी केली’ याचं उत्तर आपल्या नावावर. चालू ठेवायला यांतलं काहीच लागत नाही. रेसिडेंटांपैकी एकीने सरळ सांगितलं की ती तपासणी तिने कधी मागवलीच नाही, फक्त काढली नाही. चौदा महिन्यांत सहा जणांनी तिची फाइल हाताळली आणि प्रत्येकाचं उत्तर थोड्याफार फरकाने हेच. मला या प्रकरणाचं मर्म इथे दिसतं. पहिल्या महिन्यानंतर ही तपासणी करायची असं कोणी ठरवलेलंच नव्हतं, म्हणून ती थांबवायची हेही कोणाच्या अखत्यारीत येत नव्हतं.

फॉर्मचाही यात हात होता. नुसतं पोटॅशियम मागवायचं तर तळाच्या ‘इतर’ या चौकटीत हाताने टाइप करावं लागे. ‘किडनी प्रोफाइल’ला मात्र तयार चौकोन, आणि त्या चौकोनाशेजारीच ‘औषध-देखरेख पॅकेज’: किडनी, लिव्हर, सीबीसी एकत्र. घाईत कोण टाइप करत बसतो. लिव्हर आणि सीबीसी आले ते असे. ते आल्यामुळे आकडे वाढले, आणि आकडे वाढले की बाहेर पडणारे आकडेही वाढतात. ‘नॉर्मल’ची मर्यादा साधारणपणे अशी आखलेली असते की निरोगी माणसांतले ९५ टक्के तिच्या आत यावेत. एकमेकांशी संबंध नसलेले २० आकडे मोजले, तर पूर्ण निरोगी माणसाचाही किमान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के. प्रत्यक्षात एकाच शरीरातले आकडे इतके सुटे नसतात, त्यामुळे शक्यता थोडी कमी धरा. पण दर महिन्याला तीस-तीस आकडे मोजत राहिलं की काहीतरी सापडणारच. या मुलीचं बिलिरुबिन, लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा, तीनदा किंचित जास्त आलं होतं. बाकी सगळं नॉर्मल असताना नुसतं बिलिरुबिन थोडं वर, हे गिल्बर्ट सिंड्रोमचं नेहमीचं रूप. तो निरुपद्रवी असतो आणि बऱ्याच लोकांत असतो. तरी पोटाची सोनोग्राफी झाली. त्यात काही निघालं नाही.

मग औषध देणारी खिडकी. तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याला सूचना होती की या औषधाची चिठ्ठी रिपोर्ट पाहूनच पुढे चालू करायची. ही सूचना कोणी, कधी दिली ते सापडलं नाही. रुग्णाने रिपोर्ट आणला नाही तर गोळ्या मिळत नसत, त्यामुळे एखाद्या डॉक्टरने तपासणी काढली असती तरी खिडकीने ती परत मागितली असती.

रुग्णाचं काय? तिला दर महिन्याला सुई आवडत होती अशातला भाग नाही. पण ‘सगळं नॉर्मल आहे’ हे ऐकून बरं वाटायचं. तपासणी होत नसती तर आपल्याकडे नीट लक्ष दिलं जात नाही असं वाटलं असतं, हे तिने मोकळेपणाने सांगितलं. डॉक्टरांना हे पुरतं ठाऊक असतं. या तपासणीची गरज नाही हे पटवून द्यायला पाच मिनिटं लागतात आणि फॉर्म फाडायला पाच सेकंद. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना यातलं काय घडणार हे सांगायला नको. ब्रिटनमधल्या प्राथमिक आरोग्यसेवेत २०००-०१ ते २०१५-१६ या काळात तपासण्यांचं प्रमाण तिपटीहून जास्त वाढल्याचं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. त्या वाढीत अशा पाच सेकंदांचा वाटा किती, हे कुठलीच आकडेवारी सांगणार नाही.

आणि जाब विचारला जाण्याची धास्ती. ‘जास्त तपासण्या केल्या म्हणून कोणाची चौकशी लागल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही,’ असं एका ज्येष्ठ डॉक्टरांचं म्हणणं पडलं. या युक्तिवादाला मी हसणार नाही. तपासणी न केल्याने बिघडलेली एक केस विभागात वर्षानुवर्षं सांगितली जाते. तपासणी केल्याने बिघडलेली केस केस म्हणून ओळखलीच जात नाही.

या प्रकरणात तर याहून पुढची गोष्ट घडली. पहाटे साखर उतरली ते इमर्जन्सीच्या नोंदवहीत राहिलं, त्वचा विभागापर्यंत पोचलंच नाही. पोचलं ते डिस्चार्ज कार्ड: औषधामुळे पोटॅशियमवाढ, वेळीच सापडली. विभागाने त्यातून काय निष्कर्ष काढला असेल? ‘बरं झालं तपासत होतो.’ पुढचे काही आठवडे स्पायरोनोलॅक्टोनवरच्या सगळ्या रुग्णांची तपासणी महिन्यावरून पंधरवड्यावर आली. खोटा इशारा यशाच्या खात्यात जमा झाला आणि सवय आणखी घट्ट झाली. नको असलेल्या तपासण्या केवळ अनुभवाने का गळून पडत नाहीत, याचं इतकं लख्ख उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

जे तपासणीत दिसलं नाही

नवव्या महिन्यात तिला लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता. दुसऱ्या दवाखान्यातून ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोलचा पाच दिवसांचा कोर्स घेतला. ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात पोटॅशियम अडवून धरतं. स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या वृद्धांत हे अँटिबायोटिक दिल्यावर पोटॅशियमवाढीसाठी भरती होण्याची शक्यता अमॉक्सिसिलिनच्या तुलनेत सुमारे १२ पट दिसली होती. हा २०११ चा अभ्यास, पुन्हा ऑन्टॅरिओचाच. ती वृद्ध नव्हती, मूत्रपिंड तरुण होतं, निभावलं. पण सगळ्या चौदा महिन्यांत पोटॅशियमची खरी जोखीम असलेला आठवडा असलाच तर एवढाच होता. त्या महिन्याची ठरलेली तपासणी कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांनी झाली: ४.४. नॉर्मल. फाइलमध्ये बरोबरची खूण.

तपासणी दर महिन्याला येत होती. धोका दोन तपासण्यांच्या मधून येऊन गेला. तो पकडायला ‘मागच्या भेटीनंतर दुसरं कुठलं औषध घेतलंत का’ एवढा एक प्रश्न लागला असता, आणि तोही औषध घेण्याआधी रुग्णाच्या डोक्यात बसवलेला हवा होता: नवीन गोळी घेताना स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे हे सांगायचं. चौदा नोंदींत हा प्रश्न एकदाही दिसत नाही. गर्भधारणेचा विचारही फक्त पहिल्या भेटीत. या औषधाने पुरुष गर्भाच्या लैंगिक वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते घेताना गर्भनिरोधन आवश्यक मानतात. इतक्या महिन्यांत आयुष्य बदलू शकतं. पण भेटीची पाच मिनिटं रिपोर्ट उघडण्यात, वाचण्यात आणि ‘छान आहे’ म्हणण्यात जात होती. निरुपयोगी तपासणीचा खर्च पैशात आणि रक्तात मोजतात. मला जास्त खटकतं ते तिने उपयोगी प्रश्नाची जागा घेणं. रिपोर्ट हातात असला की देखरेख झाल्यासारखी वाटते.

हे एकट्या स्पायरोनोलॅक्टोनचं नाही. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधं) घेणाऱ्यांची लिव्हरची ठरावीक काळाने तपासणी करण्याची सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्येच काढून टाकली, कारण यकृताची गंभीर इजा फार क्वचित होते, आधी वर्दी देत नाही आणि ठरावीक तपासणीने ती पकडली किंवा टाळली जात नाही. आयसोट्रेटिनॉइन या मुरुमांच्या दुसऱ्या औषधासाठी २०२२ मध्ये तज्ज्ञांचं एकमत प्रसिद्ध झालं: एएलटी (लिव्हरची तपासणी) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) सुरुवातीला आणि डोस पूर्ण वर गेल्यावर पाहा, दर महिन्याला नको, सीबीसी कधीच नको. सीबीसी तरीही मागवली जाते. उलट मेथोट्रेक्सेट, लिथियम, वॉरफरिन ही औषधं आहेत जिथे रक्त न तपासणं हा निष्काळजीपणा. तिथे आकडा हळूहळू सरकतो, तो सरकताना दिसतो, आणि दिसल्यावर डोस बदलून पुढचं टाळता येतं. स्पायरोनोलॅक्टोनवरच्या निरोगी तरुणीत यातलं काहीच लागू होत नाही. पण फॉर्मवर सगळ्यांना मिळून एकच चौकोन: ‘औषध-देखरेख’.

नंतर

तिचं स्पायरोनोलॅक्टोन पुन्हा सुरू झालं. रेकॉर्डमधली ‘या औषधाने पोटॅशियमवाढ’ ही नोंद काढायला मात्र वेळ लागला; अशी नोंद घालायला कोणत्याही डॉक्टरचं लॉगिन पुरतं, काढायला औषधसमितीची मंजुरी. इमर्जन्सीच्या जुन्या कार्डावर ती अजून आहेच.

विभागात भाषणं झाली नाहीत, ती आधीच होऊन गेली होती. फॉर्म बदलला. ‘औषध-देखरेख पॅकेज’चा चौकोन गेला, नुसत्या पोटॅशियमला आणि नुसत्या क्रिएटिनिनला स्वतंत्र चौकोन आले. मागच्या ऑर्डर पुढे ओढण्याची सोय राहिली, पण औषध-देखरेखीची कोणतीही ऑर्डर तीन महिन्यांनी आपोआप संपते. चालू ठेवायची तर नव्याने घालावी लागते आणि एक ओळ लिहावी लागते: कोणता आकडा आला तर काय बदलणार. म्हणजे आता सही लागते ती तपासणी चालू ठेवायला. खिडकीवरची सूचना काढली. तिच्या जागी चार प्रश्नांची चिठ्ठी आली: नवीन औषध, वेदनाशामकं, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा नवीन आजार, गर्भधारणेचा विचार. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टरांकडे. पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रियांची तपासणी मात्र ठेवली, आणि ते बरोबरच आहे; तरुणींच्या अभ्यासातला दिलासा त्यांना तसाच लावता येत नाही.

ज्येष्ठ डॉक्टर राजी नाहीत. त्यांचा मुद्दा असा की रुग्ण सगळं सांगत नाहीत. कोणी दुसरीकडून रक्तदाबाची गोळी घेत असेल, कोणी व्यायामशाळेतून कसली तरी पावडर, आणि ते विचारूनही कळत नाही. मी त्यांना म्हटलं की महिन्यातून एकदा घेतलेल्या रक्तालाही ते कळत नाही, नवव्या महिन्यात कळलं नव्हतंच. त्यावर ते म्हणाले, निदान एक संधी तरी असते. ही संधी कितीला पडते यावर आमचं जमलं नाही. त्यांच्या रुग्णांचं पोटॅशियम आता तीन महिन्यांनी होतं. कारणाच्या ओळीत ते दरवेळी ‘५.५ च्या वर आल्यास त्याच नमुन्याचं कॅल्शियम पाहून, पुन्हा रक्त घेऊन मग निर्णय’ असं लिहितात. सीबीसी त्यांनीही सोडली.